एचएएलचा सीएमडी किती दिवसांचा?

सरकारी कंपन्यांकडे सरकारचं लक्ष नसतं असं सर्रास बोललं जातं, मला ते अजिबात पटत नाही. लक्ष ठेवणारे भरपूर आहेत. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचंच बघा, म्हणजे एचएएल, नाशिकजवळ ओझरला ज्यांचा विमानांचा कारखाना आहे ते. कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी यंत्रणा, त्यांचे हिशोब बघतं, शिवाय ऑडिटर कोण असावा तेही कॅगच ठरवतं. केंद्रीय दक्षता आयोग आहे. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती आहे, 22 खासदारांची, 1964 पासून. मंत्रालयाबरोबर दरवर्षी एमओयू, म्हणजे कामगिरीचा करार, होतो, टार्गेट ठरतात, मार्क मिळतात. बोर्डावर सरकारचे अधिकारी बसतात. एवढं सगळं असून कंपनी चालवणारा माणूस वेळेवर नेमायचा आणि त्याला काम करायला पुरेशी वर्षं द्यायची, हे जे काम सरकारशिवाय दुसरं कोणी करूच शकत नाही, नेमकं तिथेच सगळं ढेपाळतं. माझा सगळा राग त्याच्यावर आहे.

आता घटनाक्रम बघा. जुलै 2022 च्या शेवटी एचएएलचे सीएमडी, म्हणजे चेअरमन आणि मॅनेजिंग डायरेक्टर, आर. माधवन रिटायर झाले. सरकारी नोकरीत रिटायरमेंटची तारीख माणूस जॉइन होतो त्या दिवशीच ठरलेली असते, ती काही कोणाला अचानक कळत नाही. तरी पूर्णवेळ सीएमडी तयार नव्हता, मग फायनान्स बघणाऱ्या डायरेक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार दिला गेला. आणि तो कार्यभार थोडेथोडके महिने नाही, ते स्वतः रिटायर होईपर्यंत, ऑगस्ट 2024 पर्यंत चालला. दोन वर्षं! नंतर सप्टेंबर 2024 मध्ये डी. के. सुनील यांची नेमणूक झाली ती एप्रिल 2026 अखेरपर्यंतची, कारण तेव्हा त्यांची साठी पूर्ण होणार, म्हणजे जेमतेम 20 महिने.

आणि ही दोन वर्षं कुठली होती? फेब्रुवारी 2021 मध्ये 83 तेजस लढाऊ विमानांची, मुख्यतः मार्क 1ए प्रकारच्या, ऑर्डर झाली होती, साधारण 48 हजार कोटींची, त्यातलं पहिलं विमान मार्च 2024 पर्यंत वायुदलाला मिळायला हवं होतं. मिळालं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या वेळी खुद्द वायुदल प्रमुखांनी एचएएलच्या लोकांसमोर आपल्याला या कंपनीवर भरवसा वाटत नाही असं बोलून दाखवलं, आणि ते कॅमेऱ्यात आलं.

आता याचं सगळं खापर एचएएलवर फोडणं चूक आहे हेही सांगितलं पाहिजे. इंजिनं अमेरिकेच्या जीईकडून यायची होती, 99 इंजिनांची ऑर्डर 2021 चीच, आणि त्यातलं पहिलं आलं मार्च 2025 मध्ये. इंजिनच नाही तर विमान देणार कुठून. ज्यांनी तो कार्यभार सांभाळला त्यांच्याबद्दलही माझी काही तक्रार नाही, दोन खुर्च्यांचं काम एका माणसाने केलं. पण सप्लायरच्या मानगुटीवर बसायचं, वायुदलाला खरं काय ते तोंडावर सांगायचं, विमान जोडणीच्या नवीन लाइनसाठी पैसा आणि माणसं हलवायची, हे सगळं ज्याला करायचंय त्याला आपण उद्या इथे असू की नाही हेच माहीत नसेल तर तो मोठा निर्णय कुठल्या जोरावर घेणार?

नेमणूक कशी होते ते थोडक्यात. पीईएसबी म्हणजे सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ, 1974 साली स्थापन झालेलं. ते जाहिरात काढतं, इंटरव्ह्यू घेतं, नाव सुचवतं. मग व्हिजिलन्स क्लिअरन्स, म्हणजे माणसावर भ्रष्टाचाराचा ठपका नाही ना याची खात्री, मग मंत्रालयातून फाईल वर जाते ती थेट मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडे, तिथे पंतप्रधान आणि गृहमंत्री. कागदावर व्यवस्था वाईट नाही, पूर्वीसारखं मंत्र्याच्या मनात आलं आणि माणूस बसवला असं होऊ नये म्हणूनच हे मंडळ आणलं. अडचण वेळेची आहे. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल थांबली की खुर्ची रिकामी, आणि उशीर का झाला याचं उत्तर कोणाकडूनच मागितलं जात नाही. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत तर एप्रिल 2021 पासून डिसेंबर 2022 पर्यंत नियमित चेअरमन नव्हता, एकामागून एक तिघांनी कार्यभार सांभाळला. मधे पीईएसबीने नऊ जणांचे इंटरव्ह्यू घेतले आणि एकही पसंत केला नाही. नऊपैकी एकही लायक नाही असं जेव्हा निघतं तेव्हा दोष फक्त त्या नऊ जणांचा कसा, खालून माणसं तयार करण्याचं काम कोणाचं होतं?

दुसरी गोष्ट मुदतीची. नियम असा की पाच वर्षं किंवा साठी, यातलं जे आधी येईल ते. कंपनीत तीस-पस्तीस वर्षं घालवून माणूस वर पोचतो तोवर अठ्ठावन्न उलटलेलं असतं, म्हणजे ती पाच वर्षं बहुतेकांच्या वाट्याला येतच नाहीत. विमान कारखान्यात एक नवीन लाइन उभी करण्यातच उरलेली वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

एचएएलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे जो मला सगळ्यात जास्त टोचतो. मालक संरक्षण मंत्रालय. गिऱ्हाईक कोण, तर वायुदल, तेही त्याच मंत्रालयाखाली. डिलिव्हरी लांबली तर चौकशी कोण करणार, पुन्हा तेच मंत्रालय, आणि सीएमडीसाठी फाईल हलवणारंही तेच. अशा ठिकाणी सीएमडी पक्का नसेल तर मंत्रालयातला जॉइंट सेक्रेटरीच कंपनी चालवायला लागतो, आणि उशिराचा जाब द्यायची वेळ आली की तो कंपनीला द्यावा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये एचएएलला महारत्न, म्हणजे खर्चाचे जास्त अधिकार असलेली मोठी सरकारी कंपनी, केलं, चांगलं झालं, एका प्रोजेक्टमध्ये 5,000 कोटींपर्यंत गुंतवणूक करायला आता वर विचारायला नको. पण पुढचा सीएमडी कधी येणार हे या महारत्न कंपनीच्या बोर्डाच्या हातात नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या सरकारी कंपन्यांत स्वतंत्र, म्हणजे बाहेरच्या, डायरेक्टरांची पदं रिकामी राहतात तेही असंच, शेअर बाजार दंड ठोठावतो आणि कंपनी लिहून कळवते की नेमणूक आमच्या हातात नाही, सरकारच्या आहे. दंड कंपनीचा, चूक दुसऱ्याची.

सरकारने हट्टाने माणूस बसवला तर काय होतं तेही आपण पाहिलंय. 1997 साली मारुतीत सरकारने भास्करुडूंना एमडी केलं, भागीदार असलेल्या जपानी सुझुकीने हरकत घेतली, प्रकरण कोर्ट आणि आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं, आणि शेवटी 1998 मध्ये तडजोड झाली की ते 1999 च्या अखेरीस पायउतार होतील आणि जगदीश खट्टर येतील. पण याच मारुतीची सुरुवात आठवा, 1981 मध्ये कंपनी स्थापन झाली, व्ही. कृष्णमूर्तींकडे दिली, आणि डिसेंबर 1983 मध्ये गाडी लोकांच्या हातात! त्याआधी त्यांनी भेल ही वीजयंत्रं बनवणारी सरकारी कंपनी चालवली होती, नंतर सेल ही पोलादाची. म्हणजे सरकारला माणूस पारखता येत नाही असं नाही, पारखलेल्या माणसाला मोकळं सोडलं की काय होतं हेही सरकारने स्वतःच दाखवून दिलंय.

एचएएल मुळात वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला काढलेली कंपनी, सोलापूरचा माणूस, युद्धाच्या काळात 1942 मध्ये सरकारने ताबा घेतला आणि तेव्हापासून ती सरकारचीच आहे. ती विकून टाका असं माझं म्हणणं अजिबात नाही. मला एवढंच हवंय की सीएमडीचं नाव खुर्ची रिकामी व्हायच्या सहा महिने आधी जाहीर व्हावं, जुना आणि नवा काही काळ एकत्र बसावेत, आणि कारखाने चालवणाऱ्या कंपन्यांत साठीची अट बाजूला ठेवून पूर्ण पाच वर्षं द्यावीत.

सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 तेजसची ऑर्डर झाली आहे, 62,370 कोटींची, डिलिव्हरी 2027-28 पासून पुढची सहा वर्षं. ओझरच्या नव्या लाइनवरून पहिलं मार्क 1ए ऑक्टोबर 2025 मध्ये उडालं सुद्धा. साठीचा नियम आहे तसाच राहिला तर ही 97 विमानं पूर्ण होईपर्यंत एचएएलमध्ये तीन-चार सीएमडी तरी होऊन जातील, त्यातला शंभर टक्के जबाबदार कोण धरायचा?