आधी चासी, मग बिछाना

बरीच वर्षं उघड्यावर उभी असलेली, पाट्यांच्या स्प्रिंगवरची, लांब बॉडीची जुनी डिझेल फोरबायफोर मी पुन्हा रस्त्यावर आणली आणि तिच्या पाठीत दोघांना झोपता येईल अशी सोय केली, म्हणजे तिचा कॅम्पर केला. कॅम्परचं काम एकूण कामाच्या जेमतेम तिसरा हिस्सा निघालं. बाकी सगळा वेळ चासी, ब्रेक आणि इंजिनात गेला. दुसरी गोष्ट उशिरा कळली: जुनी गाडी नीट केल्यावरही पुन्हा उघडावी लागणारच, म्हणून आतलं सामान पान्ह्याने सुटेल असंच बसवायला हवं.

सुरुवात चासीपासून. हातोडीने फूटभर अंतराने ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून खुपसला. पेटीसारखी चासी आतून गंजते, कारण चिखल आत साठतो आणि पाणी निघायची भोकं बुजतात. त्यामुळे बाहेरचा ताजा काळा रंग पाहून फसू नये. मागचा आडवा बीम, पाट्या चासीला अडकवणाऱ्या हँगरच्या जागा आणि पाय ठेवायचा पत्रा, ही नेहमीची कुजकी ठिकाणं.

वेल्डिंगआधी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढलं. गंजलेला भाग चकचकीत धातू दिसेपर्यंत कापला आणि मग ३ मिमी पत्र्याचं ठिगळ बसवलं. गंजावरच ठिगळ चढवलं तर कडेचा पातळ पत्रा वितळतो आणि वर्षभरात ठिगळासकट सुटतो. ठिगळाचे कोपरे गोल केले आणि उभी सरळ शिवण टाळून टोकं तिरकी ठेवली, कारण चासी वाकते तेव्हा उभ्या वेल्डच्या कडेनेच चीर जाते. एका दमात लांब वेल्ड न ओढता इथे २५ मिमी, मग पार दुसऱ्या टोकाला २५ मिमी, असं करत गेलो आणि मध्ये मध्ये चासीचे दोन्ही कर्ण मोजत राहिलो. उष्णतेने चासी ओढली गेली तर गाडी कायमची तिरकी पळते. शेवटी झिंक प्रायमर, रंग आणि चासीच्या पोकळीत मेणाचे दोन हात. मेणाचे डबे गरम पाण्यात ठेवले की फवारा कोपऱ्यापर्यंत पोचतो. पाणी निघायची भोकं मात्र तारेने मोकळी करून घ्यायची.

इंजिनाला थेट सेल्फ मारायचा मोह आवरला. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे) काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि क्रँक पुलीच्या नटाला पान्हा लावून हाताने फिरवलं. प्लग बाहेर असतानाच फिरवायचं, नाहीतर पिस्टनवर साठलेलं तेल दाबलं न जाता कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं. टायमिंग बेल्ट असेल तर तो चालू करण्याआधीच बदलावा. टाकीतलं जुनं डिझेल आणि तळचा चिकट गाळ काढला, फिल्टर व सगळे रबरी पाइप नवे घातले. मग डिझेलच्या वाटेतली हवा काढली: आधी फिल्टरवरच्या बोल्टातून, नंतर पंपाच्या स्क्रूतून, शेवटी सेल्फ मारत इंजेक्टरचे नट सैल करून. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या तोंडावर घट्ट बसेल एवढी फळी हाताशी ठेवली होती. पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) अडकलेला असला तर इंजिन बेफाम वेग घेतं आणि चावी बंद करून थांबत नाही. तेव्हा हवा अडवणं एवढंच हातात उरतं. त्या तोंडावर स्वतःचा हात कधीही ठेवू नये.

गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं तेल बदलताना आधी भरायचा नट उघडावा, मगच खालचा. वरचा सुटलाच नाही तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसायची पाळी येते. डिफरेन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल चालतं, पण पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ बरं; जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळ खाऊ शकतात.

ब्रेकमध्ये जुनं काहीच वाचवलं नाही. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं. लोखंडी नळ्यांच्या जागी कुप्रोनिकेलच्या (तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या) ४.७५ मिमी नळ्या टाकल्या. त्या गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. वजनदार कॅम्पर घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. पाट्यांचे रबरी बुश बदलल्यावर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच पूर्ण आवळले. जॅकवर आवळले असते तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटले असते. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूवरचे चार आकडे वय सांगतात (२३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा). पाचही टायर टाकून दिले.

मग गळती. पाइपने पाणी खालून वर मारत न्यायचं आणि आत एकाने टॉर्च व खडू घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर एकच ओघळ सगळीकडे दिसतो आणि मूळ सापडत नाही. सांधे पॉलियुरेथेन सीलरने भरले. सिलिकॉन वापरू नये, त्यावर रंग धरत नाही.

आतून पत्र्याला १९ मिमी बंद छिद्रांचा फोम चिकटवला. काचलोकर टाळली, ती ओल धरून ठेवते. थंड रात्री दोघांच्या श्वासाची वाफ उघड्या पत्र्यावर दव होऊन साचते, म्हणून फोमइतकीच खेळती हवाही लागते: एक झरोका खाली, एक छतात. दारांच्या तळाची भोकं फोमने बुजवायची नाहीत.

पलंगाला १२ मिमी आणि आडोशांना ९ मिमी प्लाय. पत्र्यात स्क्रू मारले नाहीत. सीटचे मूळ बोल्ट आणि सामान बांधायच्या कड्या जिथे होत्या तिथेच सांगाडा धरला, बाकी ठिकाणी एम-६ रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचे आट्यांचे नट). काही जुन्या गाड्यांचा गिअरबॉक्स केबिनच्या तळातून वर काढावा लागतो आणि डिझेलची पातळी दाखवणारा टाकीचा फ्लोट पलंगाखाली येतो. तिथे गोंद आणि खिळे वापरले तर पहिल्याच दुरुस्तीला सगळं तोडावं लागेल. माझा पलंग आठ बोल्टांवर आहे.

वीज कागदावर मांडूनच घ्यावी. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातला ४० टक्के वेळ चालला तर साधारण ३६ अँपिअर-तास खातो. हीटर, दिवे, पंप, फोन मिळून मी दिवसाला ६० धरले. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले ८० वापरायचे ठरवले तर उन्हाविना साधारण सव्वा दिवस निघतो. २०० वॉटचं पॅनेल चार तासांच्या चांगल्या उन्हात, तूट वजा करून, ४५ च्या आसपास परत देतं. ही बॅटरी जुन्या अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून डायोड जातात. मध्ये करंटला मर्यादा घालणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाकला. जाऊन-येऊन १० मीटर वायर ६ चौमिमीची घेतली असती तर जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच गेले असते, १६ चौमिमीत ०.२ जातात. फ्यूज बॅटरीला अगदी लागून. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही.

गॅसचा सिलिंडर उभा, बांधलेला, आतल्या जागेपासून बंद पेटीत. पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. डिझेल हीटरचा धूर दाराखिडकीपासून दूर सोडला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर.

पाण्याच्या टाकीची जागा मी दोनदा बदलली. २.७५ मीटर व्हीलबेस असताना ६० लिटर पाणी मागच्या ॲक्सलच्या ०.६ मीटर मागे ठेवलं तर मागच्या ॲक्सलवर ७३ किलो चढतात आणि पुढचा १३ किलोने हलका होतो. स्टिअरिंग तेवढं ढिलं लागतं. आता टाकी ॲक्सलच्या पुढे, जमिनीलगत आहे.

सगळं भरून, दोन माणसं बसवून, दोन्ही ॲक्सल वजनकाट्यावर वेगवेगळे तोलले आणि टायरची हवा त्या आकड्यांवर ठरवली. १०० किलोमीटरवर चाकांचे नट आणि ५०० वर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळले. पलंगाच्या आठ बोल्टांपैकी दोन तेव्हा सैल झाले होते. त्यांना आता आत नायलॉनचं कडं असलेले, सहजी सैल न होणारे नट आहेत.