सगळे कॉल एकदम तुटायचे तेव्हा

हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरचं नेटवर्क आमच्याकडे आहे. तिथून तक्रार आली: चालू कॉल तुटतात, आणि सगळ्यांचे एकदम. इंटरनेटवाल्यांनी नेहमीप्रमाणे "लिंक अप आहे" म्हणत तिकीट बंद करून टाकलं.

तिथे दोन गेटवे राउटर (ऑफिसमधून इंटरनेटकडे जायची दारं), प्रत्येकाला वेगळी लाइन, आणि दोघांवर मिळून जीएलबीपी, म्हणजे दोघांत काम वाटून देणारा प्रोटोकॉल. सिस्कोचा हा प्रोटोकॉल मला मनापासून आवडतो. गेटवेचा आयपी एकच, पण पीसीनं एआरपीनं, म्हणजे "हा आयपी कुणाचा?" अशी हाक मारून, त्याचा मॅक पत्ता (ऑफिसच्या नेटवर्कमधला पत्ता) विचारला की मुख्य राउटर आळीपाळीनं वेगळं उत्तर देतो: एका पीसीला स्वतःचा मॅक, पुढच्याला जोडीदाराचा. एचएसआरपी या सिस्कोच्याच दुसऱ्या प्रोटोकॉलच्या एका गटात एक राउटर काम करतो, दुसरा नुसता वाट बघत बसतो. इथे दोघंही राबतात, आणि एक पडला तर दुसरा त्याचा मॅकही सांभाळतो.

मॅनेजरसाहेबांनी महिन्याचा ग्राफ पुढे केला. दोन्ही लाइनींवर जवळपास निम्मं-निम्मं. सरासरी बघून नेटवर्क चालवणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. तक्रारींच्या वेळा मागितल्या. सव्वादहा, सव्वादोन, सव्वासहा. मग पाच-पाच मिनिटांचा ग्राफ काढला. एक लाइन तुडुंब, दुसरी कोरडी; चार तासांनी बरोबर उलटं.

ऑडिटनंतर कुणीतरी पीसी आणि राउटरच्या मध्ये फायरवॉल बसवली होती. शेकडो पीसी तिच्यामागे गेले आणि गेटवे विचारणारी उरली ती एकटीच. जीएलबीपी वाटतो ते विचारणाऱ्यांना. कोण किती डेटा ओढतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मिळालेला मॅक फायरवॉल लक्षात ठेवते, त्या एआरपी नोंदीची मुदत १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास. ती संपली की फायरवॉल पुन्हा विचारायची, या खेपेला दुसरा मॅक मिळायचा, आणि अख्खं ऑफिस पलीकडच्या लाइनवर. नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा आयपी लावणं) राउटरवर, म्हणजे बाहेरचा आयपीही बदलला. चालू कॉल मेलेच.

जीएलबीपी जड मनानं काढला. एचएसआरपीचे दोन गट केले, एकात पहिला राउटर ॲक्टिव्ह, दुसऱ्यात दुसरा, आणि फायरवॉलवर दोन समान डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचे दोन सारखे रस्ते, दिले. आता ती प्रत्येक सेशन (एक सलग जोडणी, जसा एक कॉल) एका लाइनवर टाकते आणि संपेपर्यंत तिथंच ठेवते. कॉल तुटायचे थांबले.

रात्रीचा बॅकअप मात्र एकच दांडगं सेशन, तो एकाच लाइनवरून जातो. परवा साहेबांचा फोन: "ग्राफ वाकडा दिसतोय. आधी अगदी फिफ्टी-फिफ्टी होतं हो!"