ट्रेलर घेऊन वायोमिंगच्या वाऱ्यातून

जानेवारीत अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या शायेनहून सॉल्ट लेक सिटीकडे निघालो तेव्हा एसयूव्हीच्या मागे बंदिस्त ट्रेलर होता आणि त्यात मावसभावाचा निम्मा संसार. आय-८० या हायवेने हिवाळ्यात वायोमिंग ओलांडायचं तर आधी वाऱ्याचा अंदाज बघावा, मग बर्फाचा.

सामान भरण्यात दादाने अख्खी दुपार घालवली, आणि ती सत्कारणी लागली असं मी म्हणेन. वॉशिंग मशीन, पुस्तकांची खोकी असं जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, हलकं मागे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जोडावर, यायला हवा. वजन मागे गेलं की वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि तिथेच घात होतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलरचे ब्रेक वेगळे चालवता येत असतील तर फक्त तेच हलके लावायचे.

शायेन आणि लॅरमीच्या मध्ये शर्मन समिट लागतं. ८,६४० फूट, आय-८० वरची सर्वांत उंच जागा. उतारावर दादाने वेग आपोआप कायम राखणारा क्रूझ कंट्रोल बंद ठेवला आणि खालच्या गिअरवर गाडी आणली. निसरड्यावर एकदम ब्रेक लावला तर मागचा ट्रेलर गाडीला ढकलत आडवी करतो.

लॅरमीला हायवेचं फाटक बंद! लाल दिवे लुकलुकत होते. डोक्यावर मात्र निळं आभाळ. इथे वरून बर्फ पडत नसतानाही रस्ता दिसेनासा होतो, कारण जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ वारा उचलून आडवा फेकतो. लॅरमी ते रॉलिन्स हा एल्क पर्वताच्या पायथ्याचा पट्टा १९७० च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बोवरून जायचा. नवा मार्ग वाऱ्याच्या तोंडी आहे असं स्थानिक लोक आधीपासून सांगत होते आणि पहिल्याच हिवाळ्यात ते खरं ठरलं. मग रस्त्यालगतच्या माळावर लाकडी फळ्यांची उंच कुंपणं उभी राहिली. फटींतून जाताना वाऱ्याचा जोर मोडतो आणि बर्फ रस्त्यावर येण्याआधी कुंपणामागेच साचतो. मैलोन्‌मैल उभी असलेली ती कुंपणं मला त्या प्रवासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटली.

फाटक उघडलं, पण हलक्या, उंच वाहनांना बंदी कायम होती. आमचा ट्रेलर त्यातच मोडत होता, म्हणून आम्ही आणखी थांबलो. आर्लिंग्टनजवळ कुशीवर पडलेला मोठा ट्रक पाहिल्यावर त्या थांबण्याची किंमत कळली.

त्याच्या थोडं पुढे अपघातामुळे सगळी रांग थबकली आणि पुन्हा वारं सुटलं. आमची टाकी अर्ध्याच्या वर होती. गाडीत ब्लँकेटं, फावडं, वाळूची पिशवी, टॉर्च होता. दादा म्हणाला, "तू आतच थांब, मी सायलेन्सर बघून येतो." हे काम सगळ्यात आधी. पाइपाचं तोंड बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसं दगावली. त्यांत लहान मुलंही होती. ती बातमी माझ्या मनातून जात नाही.

इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवायचं, तेवढ्या वेळात वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, आणि दर वेळी सुरू करण्याआधी पाइप पुन्हा मोकळा करायचा. मदत शोधायला चालत निघायचं नाही. उडत्या बर्फात दहा पावलांवरची स्वतःची गाडीही सापडत नाही, उलट गाडी बचाव पथकाला लवकर दिसते. दादाने लाल ओढणी आरशाला बांधली.

रांग हलली ती अंधार पडता पडता. रॉलिन्सला पोहोचल्यावर ट्रेलरच्या मागच्या दिव्यांवर बर्फाचा जाड थर चढलेला दिसला. मागून येणाऱ्याला आम्ही दिसलोच नसतो. तो खरवडला, हिचची पिन आणि साखळ्या तपासल्या, टायरमध्ये हवा भरली, कारण थंडीत दाब उतरतो. पुढे रॉक स्प्रिंग्जकडे वाऱ्याचा इशारा अजून होता, त्यामुळे त्या रात्री मुक्काम रॉलिन्सलाच केला.