शेवटचा अंतरा

१४ एप्रिलला आठवडा उरला होता. या दिवसांत नागपुरात इंदोऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत मान वर करायला फुरसत नसते. मंडळांना मिरवणुकीसाठी गाणी हवी असतात, तीही ठोका वाढवून, तीन मिनिटांच्या आत. त्याच गर्दीत सत्तरी ओलांडलेले एक शाहीर नातवाला घेऊन आले.

"जय भीम जी. मागच्या महिन्यात तुम्हीच कॅसेट उतरवून देल्ली होती न? आता पाहा, माहं गाणं माहं नाही म्हणते."

नातवानं ते गाणं यूट्यूबवर टाकलं होतं आणि लगेच एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला होता.

ती कॅसेट मला चांगलीच आठवत होती. १९८५ ची, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या गाण्यांची. टेपवर पांढरी बुरशी, आतली दाबपट्टी गळून पडलेली. दुसऱ्या कॅसेटची पट्टी काढून बसवली, स्पिरिटनं हेड पुसत पुसत एक बाजू उतरवायला अख्खी दुपार गेली. १९७९ मध्ये दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात हे शाहीर चालले होते. गाणी त्यानंतरची. तेव्हा दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सतरंजीवर कॅसेटी मांडलेल्या असत. पुढे सीडी आल्या, मग मेमरी कार्डं, आणि आता तर विकायला हातात काहीच उरलं नाही.

शाहिरांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आठशे रुपये आणि दोनशे कॅसेटी, खाली सही. ध्वनिमुद्रण कायमचं कंपनीचं, असं त्यात स्पष्ट होतं. शब्द आणि चालीबद्दल मात्र एक ओळ नव्हती. यूट्यूबचं यंत्र आवाजाचे ठसे जुळवतं. गाणं लिहिलं कोणी, हे ते विचारत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण वाटा मिळायला आधी नाव तर लागलेलं हवं! कंपनीच्या चॅनेलवर गायक 'विविध कलाकार' होते आणि गीतकाराची जागा कोरी.

"लावा बरं त्याहिचं," ते म्हणाले.

मी स्पीकरवर लावलं. आवाज त्यांचाच, खाली नवा ढोल. शाहीर मांडीवर ताल धरून ऐकत होते. दुसरा अंतरा झाला, ध्रुवपद आलं आणि गाणं संपलं. त्यांचा हात मांडीवर तसाच थांबला.

"शेवटचा अंतरा कुठी गेला?"

आपल्याकडे कवीचं नाव शेवटच्या अंतऱ्यात येतं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत 'वामन' येतो, तसं. मला वाटलं, स्वतःचं नाव कापलं म्हणून त्यांना लागलं.

"माहं नाव जाऊ द्या जी. त्यात पोचीराम होता. पोचीरामले काहून काढलं?"

पोचीराम कांबळे. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, मराठवाड्यात दंगली पेटल्या, त्यांत मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोवर किती माणसं खर्ची पडली होती. कंपनीत कुणी मुद्दाम कापलं असेल असं मला वाटत नाही. गाणं तीन मिनिटांत बसवायचं होतं. पण तीन मिनिटांसाठी मीही शेवटचेच अंतरे कापतो, आणि त्यांत कोण होतं हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या सकाळीच दोन गाणी कापली होती.

क्लेमला हरकत घेता येते, समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. पण सही समोर होती. मी म्हटलं, "बाबा, मुद्रण त्यांचं असेल, शब्द आणि चाल तुमची आहे. पुन्हा गा."

आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता. दोन सूर खाली उतरवून पेटी धरली. ढोलकीवाल्या पोरानं तोंड वाजवलं, पण शाहिरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"शेवटचा अंतरा पयले घेतो."

"मग ध्रुवपद?" पोरानं विचारलं.

"थे मंग."

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पहिल्याच ओळीत पोचीराम आला.