पानांसाठी लावलेला टोमॅटो

नाशिककडे टोमॅटोच्या पानाला कोणी पान म्हणून बघत नाही. करपा आलाय का, नागअळीनं रेघा ओढल्यात का, खालच्या बाजूला पांढरी माशी बसलीय का, एवढ्यापुरतं ते उलटून पाहायचं. बाकी सगळं लक्ष फळावर, आणि फळापेक्षाही भावावर. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ऐन हंगामात नातेवाइकांचा फोन आला तर तब्येतीच्या आधी '२० किलोच्या कॅरेटला काय निघाला' हे बोलून होतं. अशा मुलखात कोणी गच्चीवर टोमॅटो लावावा, आणि तोही पानांसाठी, म्हणजे लोकांना हसायला आयतं कारण.

पण ही पानं आहेतच तशी. वूली केट, व्हेल्वेट रेड, अँगोरा सुपर स्वीट अशी या वाणांची नावं. लांबून पाहिलं तर झाडावर कोणीतरी राख उधळलीय असं वाटतं. हिरवा रंग आहे, पण मागे कुठेतरी. जवळ गेलं की खोड, देठ, पानं, कळीचं हिरवं बूड, सगळीकडे दाट पांढरी लव. हात लावला की मांजराच्या कानामागे बोट फिरवल्यासारखं मऊ. नाशिकच्या थंडीत, डिसेंबरच्या सकाळी दव पडलेलं असताना ही झाडं बघावीत. थेंब पानाला टेकतच नाहीत, लवेच्या टोकांवर अधांतरी बसून राहतात. ऊन तिरपं आलं की पानाची कड पांढरी उजळते. मी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहते आणि चहा गार होतो.

तसं केस प्रत्येक टोमॅटोला असतात. त्यातल्या काहींच्या टोकाला बारीक ग्रंथी असतात. झाडाला हात लागला की येणारा तो उग्र वास त्यांचाच. खुडायला जाणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. दिवसभर तोडणी केली की बोटं आधी हिरवट-पिवळी होतात, मग काळी पडतात, आणि साबण लावला की फेसही पिवळा येतो. कच्चा टोमॅटो फोडून चोळला तर डाग सुटतो. इक्वेडोर आणि पेरूच्या डोंगरांत टोमॅटोचा एक जंगली भाऊबंद आहे, अंगभर केसाळ. त्याच्या ग्रंथींतल्या स्रावामुळे किडींना तिथे सुखानं राहता येत नाही, म्हणून टोमॅटोचे पैदासकार त्याच्यामागे लागलेले असतात. माझ्या कुंडीतल्या लवेकडून मात्र अशी अपेक्षा ठेवू नये. ती मुख्यतः शोभेची. रस्त्यावरची धूळ तेवढी इमानेइतबारे धरून ठेवते.

चवीचं म्हणाल तर बेताची. एल्बर्टा गर्ल नावाचं एक वाण दिसायला फार देखणं, लाल फळावर सोनेरी पट्टे. पण खाल्लं की वाटतं, कोशिंबिरीत ढकलावं. गार्डन पीच म्हणून आणखी एक आहे, त्याची लव पानांवर नसून फळावर असते. पिवळं, जरासं गुलाबी झाक असलेलं फळ. ते भाजीवाल्याकडे ठेवलं तर गिऱ्हाईक आधी पुसून बघेल.

मला खरी गंमत वाटते ती बियांची. टोमॅटो स्वतःच्याच परागांवर फळ धरतो, त्यामुळे सरळ वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं आईसारखीच निघतात. लवेच्या बाबतीत तसं होईलच असं नाही. या लवेचं जे मूळ जनुक आहे, त्याची एक प्रत असली तर झाड केसाळ होतं; आई-बापाकडून दोन्ही प्रती आल्या तर गर्भच जगत नाही. म्हणजे या जनुकाचं जे केसाळ झाड जगलंय, त्याच्या पोटात एक साधी प्रत असतेच. त्याचं बी पेरलं की साधारण तिघांतलं एक रोप अगदी गुळगुळीत, चारचौघांसारखं निघतं. कितीही पिढ्या निवडत बसा, हिशोब तोच. (याच जनुकाची काही सौम्य रूपं आहेत, ती मात्र दरवर्षी तशीच केसाळ येतात.) त्यामुळे रोपांना खरी पानं फुटली की मी ट्रे उजेडाकडे धरून निवडायला बसते. लववाली इकडे, साधी तिकडे.

परवा मामा आले होते, ते यंदाही बांबू-तार करून टोमॅटो करतायत. मी कौतुकानं लववाली रोपं पुढे केली. त्यांनी एक पान चिमटीत धरलं.

"यावर करपा येतो का?"

"येतो ना."

"फवारणी बसती का पानावर?"

"थेंब वरच राहतात, मामा."

"मग काय करायचं याचं?" असं म्हणून ते बाजूच्या ट्रेकडे वळले. "ही बघ. ही कशी दणकट रोपं आहेत! कुठल्या नर्सरीतून आणलीस?"

मी टाकून द्यायला काढलेली ती सगळी रोपं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली.