रालामंडलच्या गवतातले नरसाळी कोळी

इंदूरला मामांकडे गेले की रालामंडलची टेकडी पाहिल्याशिवाय मी परतत नाही. होळकरांच्या शिकारीच्या या रानाला १९८९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. माथ्यावर होळकरांची शिकारकोठी आहे आणि बहुतेक लोक तिथवर चढून शहर पाहतात. मी मात्र या खेपेस पायथ्याच्या वाटेलगतच रेंगाळले, कारण पावसाळा सरून दंव पडू लागले होते आणि मला हिप्पासा या प्रजातीचे कोळी पाहायचे होते.

दंवामुळे त्यांची जाळी दुरूनच पांढरी दिसतात. गवतावर अंथरलेली एक सपाट चादर आणि तिच्या एका कडेला गवताच्या बुडख्यात खाली उतरत गेलेले नरसाळे, अशी त्यांची रचना असते. धाग्यांना चिकटपणा नसल्यामुळे कोळ्याची सारी भिस्त स्वतःच्या वेगावर असते. मी वाळक्या काडीने चादर किंचित हलवली, तेव्हा करड्या रंगाची एक मादी नरसाळ्याच्या तोंडाशी आली आणि पुढचे पाय चादरीवर टेकवून अंदाज घेत राहिली. तेवढ्यात मामांची सावली पडली आणि ती दिसेनाशी झाली. नरसाळे तळाशी उघडे असते, त्यामुळे धोका जाणवताच तिला मागच्या वाटेने निसटता येते.

"अगं, कोळी जाळ्यात सापडला यात नवल ते काय?" मामांनी विचारले. नवल आहेच, कारण हिप्पासा लांडगा कोळ्यांच्या लायकोसिडी कुळातला आहे आणि या कुळातले बहुतेक कोळी जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करतात. अशीच नरसाळी विणणारे अ‍ॅजेलेना कोळी अ‍ॅजेलेनिडी या वेगळ्या कुळातले आहेत. जाळे पाहून दोघांत गल्लत होते. पण अ‍ॅजेलेनाची मादी अंडकोश रेशमी आसऱ्यात ठेवून त्याची राखण करते, तर हिप्पासाची मादी तो पोटाच्या टोकाशी असलेल्या तंतुग्रंथींना चिकटवून सोबत वागवते. पुढच्याच एका जाळ्यात आम्हाला अशी मादी दिसली. तिचा फिकट, गोल कोश नरसाळ्याच्या कडेला घासत होता, तरी तिच्या चपळाईत उणेपणा नव्हता. पिल्ले बाहेर पडली की ती आईच्या पाठीवर चढून बसतात. हे संगोपन मला त्या जाळ्याहूनही मोलाचे वाटते.

ही प्रजाती फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमों यांनी १८८५ मध्ये स्थापन केली. भारतातल्या जातींपैकी ग्रीनॅली ही ब्लॅकवॉल यांनी १८६७ मध्ये वर्णिली होती, तर लायकोसिना आणि पिसॉरिना या पोकॉक यांनी १९०० मध्ये. या जाती दिसायला इतक्या सारख्या असतात की खात्रीच्या ओळखीसाठी मादीच्या जननांगाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. निव्वळ छायाचित्रावरून जातीचे नाव ठोकून देणे मला पटत नाही, म्हणून त्या सकाळच्या सगळ्या छायाचित्रांखाली मी 'हिप्पासा' एवढेच लिहिले आहे.