नियम जुने, परवाना नवा

जानेवारी २०२३ मध्ये माझ्याकडे आलेले एक काम माझ्या नेहमीच्या कामाच्या उलट होते. मी पुण्यात बसून परदेशी प्रकाशकांसाठी पुस्तकांचे संपादन आणि मांडणी करते, आणि त्यांत टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळांच्या नियमपुस्तिका बऱ्याच असतात. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशकाने काही वर्षांपूर्वी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक आणि एक्सपर्ट संचांतले नियम स्वतःच्या शब्दांत लिहून पुस्तक काढले होते. आता त्याला त्या पुस्तकातून इतरांच्या परवान्याखाली आलेला प्रत्येक शब्द काढून हवा होता, आणि तरीही खेळ तोच राहायला हवा होता.

ही मागणी कुठून आली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा इथल्या टीएसआर कंपनीने काढला. पहिली छपाई हजार प्रतींची होती. १९९७ मध्ये टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने विकत घेतली आणि २००० साली खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ आणले. त्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा असलेला एक संदर्भमजकूर या परवान्याखाली कोणालाही वापरता येऊ लागला. हा परवाना नव्या आवृत्तीसाठी होता. जुन्या खेळाच्या चाहत्यांनी मात्र त्याचा उपयोग मागे जाण्यासाठी केला: खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो ती पद्धत सांगणाऱ्या शब्दांवर, तेव्हा परिभाषा परवान्यातून घ्यायची, वाक्ये आपली लिहायची, आणि जुन्या खेळाचे आकडे त्यात बसवायचे. २००६ मध्ये ‘ओस्रिक’ या पुस्तकाने हे करून दाखवले, २००७ मध्ये ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’ आले, २००८ मध्ये ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हता. एप्रिल २००९ मध्ये ‘विझर्ड्स’ने आपल्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींची विक्री सरसकट बंद केली आणि जुनी पुस्तके अधिकृतपणे पुन्हा मिळू लागली ती २०१३ मध्ये. मधल्या काळात जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी नवी साहसे लिहून विकणाऱ्यांना, ही पुनर्लिखित पुस्तकेच आधार होती. १९७४ च्या मूळ पुस्तिकांवरचा अमेरिकेतला हक्क २०६९ च्या अखेरीपर्यंत चालणार आहे. तोवर हात बांधून बसणे कोणाला परवडणार?

मग ५ जानेवारी २०२३ रोजी परवान्याच्या नव्या मसुद्याची बातमी फुटली. साडेसात लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर पंचवीस टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) मागणारे कलम सगळ्यांच्या तोंडी होते, पण माझ्या प्रकाशकाची उलाढाल त्याच्या आसपासही नव्हती. त्याची झोप उडवली ती दुसऱ्याच कलमाने: जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही, असे त्यात म्हटले होते. जुन्या परवान्यात तो कायमस्वरूपी असल्याचे लिहिले होते. तो मागे घेता येणार नाही, असे मात्र कुठेच लिहिले नव्हते.

कामाला सुरुवात मी शेवटच्या पानापासून केली. त्या परवान्याच्या पंधराव्या कलमाखाली तुम्ही ज्यांचा मजकूर घेतला, त्यांनी ज्यांचा घेतला, अशा सर्वांच्या हक्कनोंदी ओळीने द्याव्या लागतात. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचावेत तसे ते कलम वाचत गेले की कोणता परिच्छेद कोणाकडून कोणाकडे आला ते उलगडते. सामान्य वाचक या पानाकडे ढुंकूनही पाहत नाही. मला मात्र दिवसभर तेच उघडे ठेवावे लागले, कारण कोणत्या वाक्याला हात लावायचा हे त्यावरूनच ठरत होते.

परिच्छेद लिहिणे अवघड गेले नाही. मंत्रांची वर्णने नव्याने लिहिता येतात. अडचण होती लहान, कोरड्या वाक्यांची. गुहेतली एक पाळी, म्हणजे खेळातला वेळ मोजायचे एकक, दहा मिनिटांची. मशाल सहा पाळ्या जळते. सहापैकी एक पाळी विश्रांतीची. दर दोन पाळ्यांनी एक फासा टाकायचा आणि एक पडला तर भटके श्वापद समोर येते. हे आणखी किती प्रकारे सांगणार? प्रकाशकाच्या वकीलबाईंनी त्यावर १८७९ च्या ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या निकालाकडे बोट दाखवले. तो निकाल हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवरच्या पुस्तकाबाबतचा आहे: पुस्तकावर हक्क असतो, पद्धतीवर नाही. जिथे सांगण्याचे एक-दोनच मार्ग असतील तिथे वाक्य सारखे आले तरी घाबरू नका, असा त्यांचा निरोप होता.

तक्त्यांच्या बाबतीत मात्र त्या सावध होत्या, कारण आकड्यांची निवड आणि रचना हीही कोणाची तरी कलाकृती ठरू शकते. हल्ल्याच्या तक्त्यावर मी बराच वेळ घालवला. या खेळात चिलखत-श्रेणीचा आकडा जितका लहान तितका शत्रू अधिक सुरक्षित; पहिल्या पातळीच्या योद्ध्याला श्रेणी ९ च्या शत्रूवर वार बसवायला वीस बाजूंच्या फाशावर १० लागतात आणि श्रेणी ० ला १९. मधले सगळे आकडे १९ मधून श्रेणी वजा केली की मिळतात. चौथ्या पातळीला १९ चे १७ होतात, सातव्या पातळीला १४. मी तक्ता पुसून टाकला, त्या जागी वजाबाकीचा नियम दोन ओळींत लिहिला, आणि तो स्प्रेडशीटमध्ये घालून नव्याने तक्ता तयार केला. सगळे आकडे जिथल्या तिथे आले.

राहिली श्वापदांची नावे. सांगाडे, राक्षस, नरअश्व हे लोककथांचे. ते कोणाच्या मालकीचे नाहीत. पण घुबडतोंडी अस्वल, म्हणजे ‘आउलबेअर’, आणि लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ हे गायगॅक्स यांना सुचले ते हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून. त्यांचे बारसे याच खेळात झाले. त्यांना काढले तर जुन्या खेळाडूला पुस्तक परके वाटणार, आणि नवे नाव दिले तर हसू येणार. आम्ही ती पाने बाजूला ठेवली होती.

२७ जानेवारीला, आपल्याकडे रात्र झाल्यावर, बातमी आली. कंपनीने जुना परवाना होता तसाच ठेवला होता, आणि पाचव्या आवृत्तीचा संदर्भमजकूर, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली, म्हणजे श्रेय दिले की कोणालाही वापरता येईल असा, खुला केला होता. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. प्रकाशकाने लगेच विचारले, आता काम थांबवायचे का? मी नको म्हटले. आमचे पुस्तक तिसऱ्या आवृत्तीच्या मजकुरावर उभे होते आणि तो मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आला नव्हता. जुन्या परवान्यावर विसंबणे म्हणजे पुढच्या मसुद्याची वाट पाहणे. मात्र आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर दोघेही एसआरडी ५.१ मध्ये होते, त्यामुळे श्रेयाची नोंद देऊन ती पाने मार्गी लागली.

त्याच वर्षी ‘बेसिक फँटसी’ या अशाच पुनर्लिखित खेळानेही आपल्या चौथ्या आवृत्तीतून जुना संदर्भमजकूर काढला आणि पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समानवाटप परवान्याखाली आणले, म्हणजे त्यावरून काही नवे केले तर तेही त्याच अटींवर द्यावे लागते. या मंडळींची मला भावणारी गोष्ट म्हणजे ते पीडीएफबरोबर संपादन करता येणारी फाइलही फुकट देतात. परवाना कितीही उदार असला तरी दुरुस्ती करता येईल अशी प्रत हाती नसेल तर नियम जपले जातात ते फक्त चित्र म्हणून. अर्थात पुनर्लेखनात गायगॅक्स यांची ती पल्लेदार, विक्षिप्त इंग्रजी जाते, ती मूळ पुस्तकातच वाचावी लागते. माझ्या प्रकाशकानेही परवाना समानवाटपाचाच घेतला आणि मूळ फाइल सोबत दिली.

एक व्यावहारिक प्रश्न उरला. पुस्तक मधोमध पिना मारलेले, म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत हवी, आणि परवान्याची दोन पाने गेल्यावर श्रेयाची नोंद उरली ती तीन ओळींची. रिकाम्या जागेत जाहिरात टाकायचे प्रकाशकाच्या मनात होते. मी तिथे पाळ्या मोजण्यासाठी चौकटींचा तक्ता घातला, दर सहाव्या चौकटीत विश्रांतीची खूण करून, आणि तो त्याने ठेवला.